चौथं अक्षर

१

आम्ही घरी तिघं आहोत. मी, नवरा आणि सासूबाई. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे मोजणीचाच घोळ आहे, आणि घोळ नेहमी पहिल्या ओळीत लपलेला असतो असं मी बावीस वर्षं विद्यार्थ्यांना ओरडून सांगत आले आहे.

मी गणित करते. शिकवते त्याहून जास्त करते, आणि करते त्याहून जास्त खोडते. सांत गट हा माझा विषय. साध्या भाषेत सांगायचं तर, चौकोनाच्या चार कोपऱ्यांना रंग दिले आणि चौकोन गरागरा फिरवला, तर किती रंगकामं खरोखर वेगळी उरतात, अशा मोजण्या. जगात माझे निबंध वाचणारी माणसं साधारण सतरा. त्यातले दोन परीक्षक, त्यांना वाचावंच लागतं.

"म्हणजे वेगळ्या गोष्टी एकच धरायच्या," सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या.

"जवळजवळ."

"जुळ्या पोरांना एकच ताट वाढायचं, तसं."

"तसंच, आई."

"आणि याचा पगार देतात तुला."

सासूबाईंनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं. त्यांचं माप चुकत नाही. साधं भांडी पुसायचं फडकंसुद्धा त्या काठाला काठ लावून, तीन घड्या घालून, वर दोन थापट्या मारून ठेवतात. नळ असा आवळतात की पुढच्या माणसाला दोन्ही हात लावावे लागतात. नवरा चष्म्याच्या दुकानात असतो. "हे नीट दिसतं की ते?" असं लोकांना विचारण्यात त्याचा दिवस जातो, त्यामुळे घरी आल्यावर त्याचं कशाबद्दलच काही मत नसतं.

घरकामाचा तक्ता फ्रिजवर लावलेला आहे. प्रताप अर्थात माझाच. सोमवार ते शनिवार कोणी स्वयंपाक करायचा आणि कोणी भांडी घासायची, ते त्यात आहे. रविवारी बाहेरून मागवतो. तक्ता तिथे किती वर्षं आहे आठवत नाही. फ्रिजवर लावलेलं कोण वाचतं? आपापले वार पाठ झालेले असतात. बुधवारी भांडी माझी.

२

मी भांडी पुसत नाही. घासते, धुते, जाळीवर उपडी घालते आणि निघून जाते. जे काम वारा फुकट करतो त्यात आपण कशाला पडायचं? त्यामुळे माझ्या बुधवारी फडक्याला सुट्टी असते.

त्या बुधवारी संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. स्वयंपाकघरात अजून ऊन होतं. मी शेवटचा वाडगा धुतला, खिडकी ओढून घेतली आणि वळले. जाळी रिकामी होती. ताटं कपाटात होती. फडकं ओलंचिंब, नळाच्या मानेला गाठ मारून बांधलेलं.

मी घाबरले वगैरे नाही. एकदा मी एका सिद्धतेच्या नादात दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून व्याख्यान देऊन आले आहे. माझ्या हातून काहीही होऊ शकतं.

पण फडक्याला गाठ? गाठ मी मारत नाही. सासूबाई तर मरून जातील, पण मारणार नाहीत.

पुढच्या बुधवारी मी नग मोजले. अकरा. जाळीवर अकरा ठेवले आणि हात पुसायला पाठ केली, चार सेकंद असेल. मागे बारीक आवाज आला, ताटावर ताट ठेवल्याचा. वळले तेव्हा जाळीवर तीन नग होते आणि फडकं नळाला. अजून टपकत होतं.

सासूबाई बाहेरच्या खोलीत सुईत दोरा ओवत होत्या.

"आई, तुम्ही आत्ता भांडी पुसलीत?"

"मी कशाला? माझा वार सोमवार."

"मग कोणी पुसली?"

"तू. बुधवारी पुसतेस तू. इतर दिवशी तुझे हात झिजतात बहुतेक." दोरा ओवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सोमवारी माझंही लवकर उरकतं. मी काही विचारत नाही. मदत मिळाली की तिचा चेहरा बघायला जाऊ नये."

३

मग मी तक्ता वाचला. उभी राहून, चष्मा लावून, दुसऱ्याचा निबंध तपासावा तसा.

अक्षर माझं. सोमवार: स्वयंपाक मी आणि तो, भांडी आई आणि. त्यापुढे एक आडवी रेघ. मंगळवार: स्वयंपाक मी आणि आई, भांडी तो आणि रेघ. बुधवार: स्वयंपाक तो आणि आई, भांडी मी आणि रेघ. गुरुवारपासून तेच सगळं उलट, म्हणजे सोमवारच्या स्वयंपाकवाल्यांकडे भांडी आणि भांडीवाल्यांकडे स्वयंपाक.

सहा ओळी, सहा रेघा.

आता हे ज्याला खटकणार नाही तो सुखी माणूस. मी तसं माणूस नाही. तिघांसाठी तक्ता करायचा तर कोणीही शहाणा माणूस पाळी गोल फिरवतो: आज तू, उद्या मी, परवा ती. जोड्या लावत बसत नाही. जोड्या लावायच्या तर चार माणसं लागतात. चौघांच्या दोन-दोन जोड्या तीनच प्रकारे पडतात, कामं उलटवली की सहा. सहा दिवसांत प्रत्येकजण प्रत्येकाबरोबर एकदा स्वयंपाक करतो आणि एकदा भांडी घासतो. कोणाची तक्रार नाही, कोणाचे लाड नाहीत. इतका नेटका तक्ता की मला स्वतःचाच हेवा वाटला.

हा तक्ता मी तिघांसाठी केलेलाच नव्हता.

४

आमच्या विभागात माझ्या शेजारच्या खोलीत बसणाऱ्या प्राध्यापकाला सगळे कंपास म्हणतात. पाय लांब आणि बारीक, आणि चालताना एक पाय रोवून दुसरा फिरवल्यासारखा टाकतो. मी त्याच्यासमोर कागदाच्या मागे तक्ता काढला, आईच्या जागी आ, नवऱ्याच्या जागी न. घरचं आहे हे सांगितलं नाही.

"चारांचा आहे," त्यानं चहा खाली न ठेवताच सांगितलं. "एक बिंदू गाळलाय."

"तिघांचाच असेल तर?"

"तिघांचा असा होऊच शकत नाही. करणारी बाई वेडी असली तर गोष्ट वेगळी."

"करणारी बाई धडधाकट आहे असं धर."

"मग चौथा आहे. झालं की सिद्ध. तुला अजून काय हवंय?"

"कोण आहे ते."

कंपास हसला. त्याला ते खरंच गमतीचं वाटलं. "अगं, अस्तित्व सिद्ध करणं आपलं काम. कोण आहे ते शोधणं हमालाचं काम. तूच म्हणतेस ना वर्गात?"

मीच म्हणते. अशा सिद्धता आमच्याकडे ढिगानं असतात. अमुक एक गोष्ट आहे, नक्की आहे, नसेल तर दोन बरोबर तीन होतील. पण तिचं तोंड कसं, ती राहते कुठे, ते विचारायचं नाही. मला अशा सिद्धता फार आवडायच्या. स्वच्छ वाटायच्या.

"आणि कोणता गाळला यानं फरक काय पडतो?" तो कप विसळायला उठत म्हणाला. "चौघंही सारखेच तर आहेत."

५

नवऱ्याला मी जेवताना विचारलं. "आपल्याकडे खुर्च्या चार का?"

"तीनचा सेट कोण विकतं?"

हेही खरं.

"मंगळवारी भांडी घासताना तुला कसं वाटतं?"

त्यानं विचार केला. त्याला कोणी कसं वाटतं असं विचारत नाही, तोच लोकांना विचारतो. "मंगळवारी कंटाळा येत नाही," तो म्हणाला. "मी काहीतरी बडबडत असतो. काय ते नंतर आठवत नाही."

"कोणाशी?"

"भांड्यांशी असेल." तो हसला, मग थांबला. "अगं, परवा मी विचारत होतो, फळ्यावरचं नीट दिसतं का म्हणून. ताटाला."

सासूबाईंनी घास तसाच हातात धरला होता. "पुरे झालं," त्या म्हणाल्या. "जेवा."

आमच्याकडे मागच्या बाजूला एक छोटी खोली आहे. इस्त्रीची खोली म्हणतो आम्ही. तिथे एक पलंगही आहे. पाहुण्यांसाठी. आमच्याकडे पाहुणे येत नाहीत. आले तरी माझ्याशी दोन वाक्यं बोलून बाहेरच्या खोलीतूनच निघतात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथे जाऊन उभी राहिले. गादी एका कडेला दबलेली होती, भिंतीच्या बाजूला. पलंगाखाली एक चप्पल होती. घालून बघितली. माझी टाच मागे अर्धा इंच बाहेर. सासूबाईंचे पाय माझ्याहून मोठे.

एकच चप्पल. मी वाकून पुन्हा पुन्हा बघितलं. एका चपलेवरून काही सिद्ध होत नाही, असं स्वतःला बजावलं आणि त्या पलंगावर बसून रडले. कोणासाठी ते माहीत नव्हतं. नावाशिवाय रडणं फार अवघड असतं, मध्येच थांबावं लागतं.

६

पुढच्या बुधवारी मी पाठ केली नाही, वळलेही नाही. सिंकसमोर उभी राहून घासत राहिले, नजर खाली, पाण्यात.

पहिलं ताट धुतलं आणि जाळीकडे नेलं. ते जाळीपर्यंत गेलंच नाही. कोणी ओढलं नाही, हिसकावलं नाही. आपण देतो आणि समोरचा घेतो तेव्हा हाताला जे हलकं वाटतं, तेवढंच.

मी दुसरं दिलं.

फडक्याचा आवाज येत होता, ओल्या काचेवर येतो तसा. घाईघाईत पुसलेलं. कडा सोडून दिलेल्या. मला वाटलं, सांगावं, कडा पूस नीट. आणि हे मी शेकडो वेळा सांगितलेलं आहे हे मला कळलं. आठवलं नाही. कळलं फक्त. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अंधारातही पाय बरोबर पडतो, तसं.

"पाणी आवडतं का गार?" मी विचारलं. प्रश्न मूर्खासारखा होता. दुसरा सुचला नाही.

शेजारी हालचाल थांबली.

ओट्यावर स्टीलची किटली होती. तिच्या पोटात सगळं वाकडं दिसतं, माझं नाक वांग्याएवढं. त्या नाकाच्या बाजूला, माझ्या खांद्याच्या उंचीला, केसांचा भांग दिसला. पाठमोरा नाही. माझ्याकडे मान वर केलेला. कोपरापर्यंत गुंडाळलेली बाही, तिचं बटण तुटलेलं. सासूबाईंच्या घरात तुटलेलं बटण. कोणी त्यांना ते दाखवलं नसेल, किंवा दाखवूनही त्यांना दिसलं नसेल.

मी नाव घ्यायला तोंड उघडलं.

जिभेवर काही आलं नाही. मी ओळखीतली सगळी नावं मनात म्हणत गेले, एकेक, आणि एकही बसत नव्हतं. सगळीच सारखी वाटत होती. किटलीतला तो भांग हळूच खाली झुकला.

ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. मग नळाला गाठ मारल्याचा. ती गाठ सावकाश मारलेली होती.

७

मी तक्ता फ्रिजवरून काढला. चिकटपट्टी पिवळी पडली होती, कागदाचा कोपरा तिच्याबरोबर आला.

कागद पाठकोरा होता. मी तक्ते आणि याद्या जुन्या कच्च्या कागदांच्या मागेच लिहिते, कंजूष आहे म्हणून. पुढच्या बाजूला माझ्याच एका निबंधाचा मसुदा होता. अर्धं पान खोडलेलं आणि खाली एक ओळ, जी माझ्या प्रत्येक निबंधात असते: "चारही घटक सममित असल्यामुळे त्यांपैकी कोणताही एक वगळू. कोणता, याने फरक पडत नाही."

शाई दोन्ही बाजूंना एकाच पेनाची होती.

दुपारचे तीन वाजले होते, बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं. माझी बुद्धी म्हणत होती की एका वाक्यानं कोणी जात नाही. जात नाहीच. पण एका रेघेत कोणीतरी सहा दिवस राहतंय हे मी पाहिलं होतं.

मग मी आमच्या धंद्यातलं माणूस जे करेल तेच केलं. नाव सापडत नव्हतं, म्हणून सगळ्यांचीच नावं काढली. नवा कागद घेतला, कोरा, दोन्ही बाजूंनी, आणि तक्ता अक्षरांत लिहिला. अ, ब, क, ड. सोमवार: स्वयंपाक अ आणि ब, भांडी क आणि ड. एकही रेघ नाही. चार जागा, चारही भरलेल्या. आता कोणी बाहेर राहणार नव्हतं. नावं काय, नंतर घालता येतात.

फ्रिजवर लावत होते तेव्हा सासूबाई आल्या. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी वाचला.

"चार?"

"चार, आई."

त्यांनी वाद घातला नाही. माझ्या पाठीवर एक थापटी मारली, फडक्याला मारतात तशी. "कधीचं सांगीन म्हणत होते," त्या म्हणाल्या. "सोमवारी कोणीतरी माझा पदर धरतं. मग मी हळू घासते." आणि थोड्या वेळानं: "यात माझं अक्षर कोणतं?"

"कोणतंही घ्या, आई. काही फरक पडत नाही."

"मग शेवटचं दे. म्हातारीला शेवटचंच बरं."

८

आम्ही घरी तिघं आहोत. मी, नवरा आणि लेक.

वरची पानं माझ्या चौकटीच्या वहीत सापडली. अक्षर माझं आहे, टवाळीही माझीच. काल वाचली आणि आज परत वाचली. कंपास आहे, किटली आहे, माझी ती चपलांची फजितीही खरी आहे. फक्त त्यात एक सासूबाई आहेत.

मला सासूबाई नाहीत. म्हणजे असतील. नवऱ्याला आई असणारच, सिद्ध करायची गरज नाही. त्याला विचारलं.

"माझी आई?" तो म्हणाला, आणि चष्म्याची काच पुसायला लागला. बराच वेळ पुसत राहिला. मग त्यानं चष्मा घातला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आपण काय बोलत होतो?"

लेक चौदाची आहे. मागच्या खोलीत झोपते, भिंतीला चिकटून. एक चप्पल कायम हरवलेली असते. फडक्याला गाठ मारून नळाला बांधायची तिची खोड काही जात नाही. माझं शंभरदा ओरडून झालं. तिचं नाव मी आज सकाळपासून उगाचच सारखं घेतेय. ती वैतागली आहे.

"आई, तुला बरं नाही का?"

तिच्या बाहीला नवं बटण आहे. बारीक, घट्ट टाके, मागून दोरा दिसतसुद्धा नाही. मला शिवता येत नाही. नवऱ्यालाही नाही.

"हे कोणी लावलं?"

"माहीत नाही. सोमवारी भांडी झाल्यावर बघितलं तर होतं." ती खांदे उडवते. "सोमवारी भांडी पटापट होतात. फक्त नळ उघडत नाही. इतका कोण आवळतं गं? बाबा?"

सोमवारी भांडी क आणि ड. मी स्वयंपाकघरात गेले. फडकं ओट्याच्या कडेला होतं, ओलं, काठाला काठ लावून, तीन घड्या. वर हात ठेवला. अजून थापटलेल्यासारखं सपाट होतं.

वहीत लिहिलंय की नावाशिवाय रडणं अवघड असतं. बरोबर लिहिलंय.

तक्ता मी पुन्हा लिहू शकते. अक्षरं बदलून, वेगळ्या तऱ्हेनं वाटून. चौघांना चार अक्षरं वाटायचे चोवीस प्रकार. मी ते सगळे मनात करून बघितले. चोविसांतल्या प्रत्येकात आम्ही घरी तिघं आहोत.

कोऱ्या कागदावर चौकटी आखून मी पेन हातात घेऊन बसले आहे, दुपारपासून. लेक मागून येऊन खांद्यावर हनुवटी टेकवते. तिच्या केसांना साबणाचा वास येतो.

"हे काय, परत तक्ता? माझं अक्षर कोणतं?"

बावीस वर्षं ज्या वाक्यावर पोट भरलं, ते 'काही फरक पडत नाही' जिभेवर येतं. मी दात आवळून धरते.

"सांग ना. कोणतंही चालेल का?"

आणि मी काही बोलायच्या आत ती माझ्या हातातून पेन काढून घेते. ओढत नाही, हिसकावत नाही. हाताला फक्त हलकं वाटतं.